कॅमेऱ्याची जागा

गोष्ट सांगणाऱ्याला श्रोत्याच्या डोळ्यांची चिंता वाहावी लागत नाही. कीर्तनकार एका जागी उभा असतो, आणि तेवढ्याच जागेवरून तो आपल्या श्रोत्यांना घटकेत अयोध्येच्या राजसभेत नेतो, घटकेत काशीच्या स्मशानात. हरिश्चंद्राने तलवार उगारली तेव्हा तारामतीच्या मुद्रेवर काय उमटले, हे ज्याने त्याने आपापल्या मनात पाहून घ्यावयाचे असते. चित्रपटाच्या दिग्दर्शकाला ही सवलत नाही. त्याला तारामतीचा चेहरा दाखवावा लागतो, किंवा तो न दाखविण्याचे तरी ठरवावे लागते. दाखवावयाचा तर किती जवळून, कोणत्या अंगाने, किती उंचीवरून आणि किती वेळ, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावेच लागते. उत्तर न सुचले तरी कॅमेरा कोठे तरी ठेवावा लागतोच. आणि तो जेथे ठेवला जातो, तेच त्याचे उत्तर ठरते.

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक कथेविषयी बोलतो, नटांविषयी बोलतो, गाण्यांविषयी तर बोलतोच. छायालेखनाविषयी बोललाच तर ‘फोटोग्राफी फार सुरेख होती’ एवढे म्हणतो, आणि त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे काश्मीरची सरोवरे नाही तर नायिकेच्या केसांवर पडलेला उजेड असतो. सुरेखपणा ही छायालेखनाची एक कसोटी आहे खरी, पण ती पहिली कसोटी नव्हे. कॅमेरा जेथे उभा होता तेथे तो का उभा होता, हा पहिला प्रश्न. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसेल तर सरोवर कितीही निळे असले तरी गोष्टीच्या दृष्टीने ते वाया गेले असे समजावे. डोळ्यांच्या या व्यवहाराची चर्चा नभोवाणीवर, म्हणजे केवळ कानांच्या भरवशावर करावयाची, यात थोडी गंमत आहे. तथापि कीर्तनकाराला जे साधते त्याचा अल्पांश येथेही साधावा, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. त्यांतील प्रत्येक चित्रात कॅमेरा एका ठिकाणी रोवलेला असे, आणि जे घडावयाचे ते त्याच्यासमोर घडे. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तीही अशीच. आखाड्याच्या कडेला जागा धरून बसलेल्या प्रेक्षकाने पाहावी तशी. नाटकगृहात तिकीट काढून बसलेला माणूस पडदा पडेपर्यंत आपली खुर्ची सोडीत नाही. कॅमेऱ्यालाही आपल्या खुर्चीवरून उठता येते, हे कळावयास काही वर्षे जावी लागली.

ते कसे कळले याचे एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९११ मध्ये ‘द लोनडेल ऑपरेटर’ हा छोटा मूकपट काढला. एका आडबाजूच्या स्टेशनावर तारायंत्रावर काम करणारी तरुणी एकटी आहे आणि दोन चोर आत शिरतात. ती खोलीतला दिवा मालवते आणि अंधूक प्रकाशात त्यांच्यावर पिस्तूल रोखून त्यांना थोपवून धरते. मदत आल्यावर उजेड होतो, आणि मग कॅमेरा एकदम जवळ जाऊन तिच्या हातातली वस्तू दाखवितो: ते पिस्तूल नसून नट आवळण्याचा साधा पाना आहे. दुरून हा पाना कोणालाही ओळखू आला नसता. दूर असताना चोरांना जे वाटले तेच प्रेक्षकालाही वाटू दिले, आणि जवळ जाऊन दोघांचाही भ्रम एकदमच फेडला. म्हणजे दूर राहणे हाही येथे गोष्टीचाच भाग होता. जवळून दिसते ते खरे आणि दुरून दिसते ते अपुरे, अशी सोपी वाटणी येथे चालत नाही.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्यातील बहुतेक दृश्ये रंगभूमीवरच्या प्रवेशांसारखी समोरून टिपलेली आहेत. पण १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुरडी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली, आणि चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी तिचा चेहराच जवळून दाखविला. भाव एकामागून एक पालटत जातात आणि प्रेक्षकाची तिच्याशी ओळख होते. ओळख झाल्यावर तिने डोहात उडी घेतली की पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ ज्यांनी पाहिला, त्यांच्या आठवणींत एक दृश्य टिकून राहिले: अंधूक प्रकाशातली एक उदास झोपडी, आणि तेथे विव्हळणारे एक कुत्रे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची ती कथा. या दृश्यात माणसाचा चेहरा जवळून दाखविण्याचे पेंटरांनी टाळले. दूर उभे राहून झोपडी दाखविली, आणि पाहणाऱ्यांच्या मनात ती घर करून राहिली.

जागेच्या या निवडीने गोष्ट कशी पालटते, हे एखादा साधा प्रसंग कल्पून पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. कोकणातले एक घर आहे. महिन्याचा पहिला आठवडा. म्हातारी खळ्यात आमसुले वाळत घालीत आहे आणि मुंबईच्या मुलाच्या मनिऑर्डरीची वाट पाहत आहे. पोस्टमन येतो, पण त्याच्या हातात मनिऑर्डर नाही, पत्र आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तोच ते उघडतो आणि वाचू लागतो. प्रसंग एवढाच. शब्दही ठरलेले. आता कॅमेरा ठेवावयाचा कोठे?

तो बेड्याबाहेर रस्त्यावर ठेवला, तर घर, खळे, माड आणि त्यांच्यामध्ये दोन लहान आकृती दिसतील. पत्रातले शब्द ऐकू येणार नाहीत. इतकेच कळेल की, उभी असलेली म्हातारी हळूहळू खाली बसली. शेजाऱ्याला जेवढे समजेल तेवढेच प्रेक्षकाला समजेल, आणि उरलेले काय असावे या विचाराने तो अस्वस्थ होईल. कॅमेरा पोस्टमनच्या खांद्यामागे आणून म्हातारीचा चेहरा दाखविला, तर एकेक वाक्य तिच्यावर कसे येऊन पडते ते दिसेल. ही आईची गोष्ट झाली. आता उलट बाजूला जाऊन तिच्या खांद्यावरून पोस्टमनचा चेहरा दाखवावा. तो मोठ्याने वाचता वाचता डोळ्यांनी दोन ओळी पुढे गेलेला आहे. पुढे काय लिहिले आहे ते त्याला दिसले आहे, आणि त्याचा आवाज अडखळतो. हे वाचावे की गाळावे? क्षणापूर्वी जो केवळ पत्र आणून देणारा होता, तो आता एका धर्मसंकटात सापडलेला माणूस आहे, आणि गोष्ट त्याची झाली आहे. चौथी जागाही आहे. चेहरे दोन्ही सोडून द्यावेत आणि म्हातारीचे हात तेवढे दाखवावेत. पत्राचे वाचन ऐकू येते आहे, आणि हात आमसुले पसरीतच आहेत, एकसारखे, एका ओळीत. मग एका वाक्याशी थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागतात.

एका पत्राच्या या चार कथा झाल्या. यांतली कोणती बरोबर, याचे उत्तर छायालेखनाच्या पुस्तकात मिळणार नाही. ही गोष्ट कोणाची आहे, हे लेखकाने आणि दिग्दर्शकाने आधी ठरविले असेल तरच ते मिळेल. जागा ठरत नाही अशी तक्रार सेटवर ऐकू आली, तर अनेकदा खरी अडचण अशी असते की गोष्टच ठरलेली नसते. चारही बाजूंनी चित्रण करून ठेवावे आणि संकलनाच्या वेळी पाहू, हा मार्ग सोयीचा आहे. परंतु त्यातून अनेकदा कोणाचीच नसलेली गोष्ट तयार होते.

लाँग शॉट, मिड शॉट, क्लोज-अप या शब्दांना दूरदृश्य, मध्यदृश्य, समीपदृश्य असे प्रतिशब्द मराठीत आहेत. सेटवरचा माणूस मात्र ‘क्लोज लावा’ असेच म्हणतो आणि त्याचे काम अडत नाही. या पलीकडे काही व्यवहाराचे नियम आहेत. दोन माणसे समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेषा कल्पावी आणि कॅमेऱ्याने ती ओलांडू नये. नाही तर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि कोण कोणाशी बोलतो हेच कळेनासे होते. असे नियम शिकावयास आठवडाभर पुरतो.

उंचीचा नियमही असाच पाठ करून घेतला जातो. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिले तर माणूस बलवान भासतो, वरून खाली पाहिले तर दुबळा भासतो, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. नियम खोटा नाही. पण तो ज्याने सर्वांत गाजविला त्यानेच तो उलटाही करून दाखविला. ऑर्सन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ १९४१ मध्ये प्रदर्शित झाला. ग्रेग टोलंड हे त्याचे छायालेखक. वर्तमानपत्रांचा धनाढ्य मालक केन निवडणूक हरतो, आणि त्या रात्री त्याचा जुना मित्र लीलंड त्याला चार खडे बोल सुनावतो. या दृश्यात कॅमेरा इतका खाली आहे की त्यासाठी जमीन उकरून खड्डा करावा लागला. नियमाप्रमाणे केन येथे थोर दिसावयास हवा. तो प्रचंड दिसतो हे खरे. पण त्याच्या डोक्यावर छत आले आहे. त्या काळी सेटला छत घालण्याची फारशी रीत नव्हती, कारण वरून दिवे सोडावे लागत. येथे कापडाचे छत ताणून घेतले होते. खालून पाहताना ते छत त्याच्या डोक्यावर टेकल्यासारखे दिसते. एवढा मोठा माणूस, आणि त्याला मावावयास खोली पुरत नाही. खालून पाहण्याने येथे सामर्थ्य दिसले नाही, कोंडी दिसली.

याच चित्रपटात केनच्या बालपणाचे एक दृश्य आहे. कोलोरॅडोमध्ये बर्फ पडते आहे, मूल बाहेर खेळते आहे. कॅमेरा त्याला पाहता पाहता मागे सरकतो, खिडकीतून घरात येतो, आणि टेबलापाशी आई मुलाचे भवितव्य एका सावकारी पेढीच्या हाती सोपविणाऱ्या कागदांवर सही करीत आहे असे दिसते. वडील बाजूला उभे राहून कुरकुर करीत आहेत. टेबल, माणसे आणि दूर खिडकीच्या चौकटीत इवलेसे झालेले मूल, सर्व एकाच वेळी स्वच्छ दिसते. दिग्दर्शक ‘हे पाहा’ असे बोट दाखवून सांगत नाही. सही होते आहे आणि ज्याच्याविषयी होते आहे तो बर्फाचे गोळे करतो आहे, हे प्रेक्षकाच्या आपले आपण ध्यानात येते. मुलाच्या हसऱ्या चेहऱ्याचा क्लोज-अप मध्येच घातला असता, तर डोळ्यांत पाणी लवकर आले असते आणि तितक्याच लवकर वाळलेही असते.

जपानमध्ये यासुजिरो ओझू यांनी उंचीचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. ‘टोकियो स्टोरी’ हा त्यांचा १९५३ चा चित्रपट. म्हातारे आईबाप मुलांना भेटावयास शहरात येतात, मुलांना वेळ नसतो, आणि आईबाप परत जातात. कॅमेरा जवळजवळ सर्वत्र जमिनीलगत आहे आणि तो क्वचितच हलतो. जपानी घरात माणसे चटईवर बसतात. कॅमेराही त्यांच्या जवळ बसला आहे. भारतीय घरांनाही ही गोष्ट परकी नाही. पाटावर जेवावयास बसलेली माणसे, ओटीवर सुपारी कातरणारे आजोबा, जात्याशी बसलेली बाई, यांचे चित्रण उभ्या माणसाच्या उंचीवरून केले की ती सर्व माणसे कोणी रागे भरल्यासारखी दिसू लागतात. मराठी चित्रपटांत स्वयंपाकघरांची काही कमतरता नाही. पण चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर बसण्याचे कष्ट प्रत्येक वेळी घेतले गेले आहेत, असे म्हणवत नाही.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटात ते घेतलेले दिसतात. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये त्याचा गौरव झाला. त्यात कॅमेऱ्याची कसरत जवळजवळ नाही, आणि म्हणूनच काही जाणत्यांना तो तंत्रदृष्ट्या साधा वाटतो. परंतु विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम आणि गौरीबाईंची जिजाई या दोघांकडे तो चित्रपट एकाच उंचीवरून पाहतो, हे साधेपणाने घडत नाही. संत आहेत म्हणून तुकारामांकडे खालून पाहिलेले नाही, आणि जिजाई तोंडाळ आहे म्हणून तिच्याकडे वरून पाहिलेले नाही. आजारी मुलाला ओढीत ती देवळात जाते आणि पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगालाच जाब विचारते, तेव्हा तिची थट्टा करण्याची सोय कॅमेऱ्याला सहज होती. त्याने ती घेतली नाही. म्हणून शेवटी गरुडावर बसून वैकुंठाला जाणारे तुकाराम पाहताना प्रेक्षकाचा अर्धा जीव जमिनीवर राहिलेल्या जिजाईपाशी असतो.

याच ‘प्रभात’ने दोन वर्षे आधी अगदी वेगळे टोकही गाठले होते. व्ही. शांताराम यांच्या ‘अमृतमंथन’मध्ये, हिंदी आवृत्तीत, चंद्रमोहन यांनी राजगुरूची भूमिका केली, आणि टेलिफोटो भिंग लावून त्यांचा एक डोळा पडदाभर दाखविण्यात आला. नरबळीच्या प्रथेसाठी हटून बसलेला तो धर्मगुरू. त्याचा तो डोळा पाहिल्यावर त्याच्या अनुयायांना हुकूम मोडणे का अवघड जात असेल, हे सांगावयास संवाद लागत नाही. प्रेक्षक त्या डोळ्याकडे पाहत नाही. तो डोळा प्रेक्षकाकडे पाहतो. क्लोज-अपची ताकद ती ही. परंतु ती मिठासारखी आहे. हल्लीच्या दूरचित्रवाणी मालिकांत सासूने ‘चहा झाला का?’ एवढे विचारले तरी घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन बाजूंनी, तीनदा ढोल वाजवून दाखविला जातो. मग खरोखरीच कोणी मेले की दाखवावयास शिल्लक काय राहते? तेच चेहरे, तोच ढोल, फार तर चौथी बाजू.

सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रण १९५२ मध्ये सुरू केले तेव्हा त्यांचे छायालेखक सुब्रत मित्र अगदी तरुण होते आणि चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी तोवर चालविलेला नव्हता. कदाचित म्हणूनच नुसत्या सवयीने कोठे कॅमेरा ठेवला असे त्या चित्रपटात फारसे आढळत नाही. बहीण दुर्गा झोपलेल्या अपूला उठवावयास येते. पांघरुणाच्या भोकातून त्याचा एक डोळा उघडतो, आणि अपूची पहिली ओळख ती तशी होते. येथेही एक डोळाच जवळून दाखविला आहे. राजगुरूच्या डोळ्याने दरारा बसतो. अपूचा डोळा उघडतो तेव्हा पुढचा सारा चित्रपट कोणाच्या नजरेने पाहावयाचा ते ठरून जाते. पुढे दुर्गा मरते. घर सोडून जाताना सामानाची आवराआवर चालली असता अपूला एक माळ सापडते, जी चोरल्याचा आळ दुर्गेवर आला होता आणि जी तिने नाकारली होती. अपू ती तळ्यात फेकून देतो. या वेळी त्याचा चेहरा जवळून दाखविण्याचा मोह कोणाला झाला नसता? राय कॅमेरा पाण्याकडे वळवितात. माळ पडते तेथे पाण्यावरचे शेवाळ दुभंगते, आणि मग हळूहळू मिटत येते. बहिणीचे गुपित भावाने ठेवून घेतले, आणि कॅमेऱ्यानेही त्यात अधिक डोकावून पाहिले नाही.

दूर आणि जवळ या दोन शब्दांतच ज्याची सगळी कथा आहे असा राय यांचा चित्रपट म्हणजे १९६४ चा ‘चारुलता’. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या कथेवर तो आधारलेला आहे. एकोणिसाव्या शतकातले कलकत्ता. मोठ्या घरात चारू दुपारभर एकटी आहे. नाटक पाहताना वापरावयाची छोटी दुर्बीण घेऊन ती एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीकडे जाते आणि रस्त्यावरची माणसे पाहते. काही वेळाने तिचा नवरा भूपती पुस्तक वाचीत वऱ्हांड्यातून चालत येतो. ती दाराशी उभी आहे; तो तिच्या अगदी जवळून जातो आणि त्याला ती दिसत नाही. पाठमोरा तो दूर जाऊ लागतो. चारू दुर्बीण डोळ्यांना लावते आणि नवरा एकदम जवळ येतो. पण जवळ आला तो दुर्बिणीत. तो वळून निघून गेल्यावर तिचा हात खाली येतो, आणि त्याच क्षणी कॅमेरा भिंगाच्या साहाय्याने एका झटक्यात तिच्यापासून मागे सरतो; रिकाम्या वऱ्हांड्यात ती एकटी उरते. या सबंध प्रसंगात ‘माझ्याकडे कोणाचे लक्ष नाही’ असे वाक्य नाही. हाताच्या अंतरावरच्या माणसाला पाहावयास दुर्बीण लागते, एवढे दाखविले आहे. नंतर बागेत ती झोपाळ्यावर बसते तेव्हा कॅमेराही झोपाळ्याबरोबर झुलतो. तिचा चेहरा स्थिर राहतो आणि मागची सारी बाग हेलकावे खाते. बाहेरून पाहणाऱ्याला तिचा झोपाळा दिसला असता. येथे तिला जे वाटते आहे ते दिसते.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. रस्त्यावर अपघात झाला की मदतीचे हात पुढे होण्यापूर्वी चित्रण करणारे हात वर होतात. ज्या घरात मयत झाले आहे त्या घरातल्या बाईच्या तोंडापुढे ध्वनिक्षेपक धरून तिला कसे वाटते असे विचारले जाते, आणि तिच्या अश्रूंवर कॅमेरा जाऊन ठेपतो. या लोकांचे तंत्र चुकले असे म्हणता येणार नाही. चित्र स्वच्छ असते, चेहरा चौकटीच्या मधोमध असतो. परंतु इतक्या जवळ जाण्याची परवानगी त्यांना कोणी दिली? सरकारी पंचनाम्यातदेखील प्रेत भिंतीपासून किती अंतरावर होते ते लिहितात; पंच कोठे उभे राहून पाहत होते, ते कोणी लिहीत नाही. चित्रात मात्र ते आपोआप लिहिले जाते. पाहणारा कोठे उभा होता, हे प्रत्येक चित्र सांगून टाकते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. मृणाल देसाई हे छायालेखक. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू झाला, तो एका लोकशाहिराच्या गाण्याने प्रवृत्त होऊन केलेली आत्महत्याच आहे, असा खटला त्या म्हाताऱ्या शाहिरावर भरला जातो. न्यायालयातील दृश्यांत कॅमेरा बहुतेक दूर आणि स्थिर आहे. बाकांवर बसून आपल्या खटल्याचा पुकारा होण्याची वाट पाहणारा माणूस जसा पाहील, तसा. मृताची विधवा साक्ष देते, थोडक्यात उत्तरे देते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यात घुसत नाही. हिंदी चित्रपटांतल्या न्यायालयात वकिलाने टेबलावर मूठ आपटली की कॅमेरा धावत जातो. येथे कोणी कोठेही धावत नाही, तारखा पडत जातात. काही प्रेक्षकांना हे कंटाळवाणे वाटले. खटल्यातल्या आरोपीलाही ते तसेच वाटत असले पाहिजे. सुटीसाठी न्यायालय बंद होते, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि माणसे निघून गेल्यावरही कॅमेरा त्या अंधाऱ्या खोलीत थांबून राहतो.

त्याआधीच्या वर्षीचा, २०१३ चा ‘फँड्री’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट. गावातली डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या कैकाडी कुटुंबावर येते, आणि ते काम शाळेसमोर, वर्गातल्या मुलामुलींच्या देखत करावे लागते. मुले कुंपणाशी गोळा होऊन हसतात. डुक्कर हाताशी येते आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निसटते. पुढे ते पकडून, बांबूला बांधून खांद्यावरून नेताना कॅमेरा आडवा सरकत त्यांच्या बरोबरीने चालतो. मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, जोतिराव व सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली आहेत. भिंत आहे तेथेच आहे आणि डुक्कर तिच्यापुढून चालले आहे. कॅमेरा अंगुळभर पुढे किंवा मागे असता, चित्रे चौकटीबाहेर गेली असती किंवा माणसे लहान झाली असती. दोन्ही एकत्र दिसावीत अशीच जागा शोधून घेतली आहे.

मग टवाळखोरी असह्य होते आणि जब्या दगड उचलतो. इतका वेळ प्रेक्षक कधी या कुटुंबाबरोबर धावला, कधी कुंपणापलीकडून हसणाऱ्यांच्या बाजूने पाहत राहिला. शेवटच्या दगडाच्या वेळी कॅमेरा जब्याच्या मागे नाही, बाजूलाही नाही. तो जब्याच्या समोर, तो दगड ज्याच्यावर भिरकावला आहे त्याच्या जागी उभा आहे. दगड सरळ भिंगाच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.